धागा : नाव-गोत्र माहीत नसलेल्यांना पाणी

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच.

येत्या शनिवारी, २० सप्टेंबर २०२५ ला, भाद्रपद वद्य चतुर्दशी आहे. पंचांगात त्या दिवसापुढे बारीक अक्षरात 'शस्त्रादिहत पितृ श्राद्ध' असं छापलेलं असतं, आपण बहुतेक जण पुढची सर्वपित्री बघतो आणि हे सोडून देतो. पण ज्यांना हत्याराने, घातपाताने, अपघाताने मरण आलं त्यांच्यासाठी पितृपक्षातला हा एक दिवस मुद्दाम वेगळा ठेवलाय, म्हणजे आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं की काही मरणं अशी असतात ज्यांना बाकीच्या मरणांच्या रांगेत बसवता येत नाही.

आमचे हे बावीस वर्षं पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोड ते मुंबई रोजची ये-जा करायचे. पासवाल्यांचा डबा, ठरलेल्या जागा, ठरलेली मंडळी, सगळं ठरलेलं. सीएसटीला मेलगाड्यांच्या हॉलमध्ये किटली घेऊन फिरणारा एक म्हातारा चहावाला होता, तो ह्यांना 'नाशिक' म्हणून हाक मारायचा. "ओ नाशिक, आज उशीर?" एवढंच. ह्यांनी कधी त्याचं नाव विचारलं नाही आणि त्यानेही ह्यांचं विचारलं नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला हे संध्याकाळी त्याच्याकडचा चहा पिऊन गाडीत बसले, रात्री घरी येऊन हातपाय धुवून ताटावर बसले आणि टीव्हीवर तोच हॉल दिसला. ताट तसंच राहिलं. त्या स्टेशनात पन्नासच्या वर माणसं गेली. काही दिवसांनी हे परत जायला लागले तेव्हा किटलीवाला नव्हता. गेला की गावी निघून गेला, कोणालाच सांगता येईना, बाकीचे चहावाले म्हणाले कुठला होता तेच माहीत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षापासून ह्या चतुर्दशीला हे गोदावरीच्या रामकुंडावर (आम्ही नाशिककर गोदेला गंगाच म्हणतो) जाऊन त्याच्या नावाने पाणी देतात. नावाने म्हणजे काय, नाव नाहीच. पहिल्या वर्षी गुरुजींनी विचारलं नाव? माहीत नाही. गोत्र? माहीत नाही. गुरुजी म्हणाले गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं असतं, म्हणा. मी बाजूला तांब्या धरून उभी होते. आमच्या ह्यांचा हात, त्यात दर्भाचं पवित्रक, तळहातावर काळे तीळ, आणि अंगठा नि तर्जनीच्या मधून ते पाणी खाली पडताना हात इतका थरथरत होता की अर्धे तीळ त्यांच्या करंगळीला चिकटून राहिले. सासऱ्यांच्या वेळी मी ह्यांना असं बघितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलमध्ये पहलगामला २६ जण मारले, धर्म विचारून विचारून मारले, त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले. त्या आठवड्यात माझी मुलगी पुण्याहून फोनवर रडत रडत म्हणाली, "आई, बाबांच्या तीळपाण्याचा कोणाला काय उपयोग? तिकडे बंदुका घेऊन लोक येतात आणि आपण गंगेवर तांब्या घेऊन उभे." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पाच महिने विचार करतेय. माझं मत असं झालंय की भक्तीने दहशतीला उत्तर देणं म्हणजे डोळे मिटून बसणं नाही आणि दात-ओठ खाणंही नाही, आपल्याच पंचवटीतल्या जटायूने जे केलं ते आहे. पण आधी तुमचं ऐकते.

सातपूर_सेकंडशिफ्ट

ताई, काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तुमच्या मुलीचं बरोबर आहे. भगवंताने अर्जुनाला तर्पण कर नाही सांगितलं, धनुष्य उचल सांगितलं. आपण नुसतं सहन करत आलो. १९९३ ला २५७ माणसं गेली, २००६ ला लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट, मग २६/११, मग पुण्याची जर्मन बेकरी, आणि प्रत्येक वेळी आपण मेणबत्त्या लावतो, दोन दिवस स्टेटस ठेवतो आणि परत कामाला लागतो. रक्त उसळतं हो माझं. शांतता कसली?

तोफखाना_देवळाली

तुमचा राग समजतो, मी अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढली आहेत. एक अनुभव सांगतो. तोफेवर राग चालत नाही, तिथे अंतर, कोन, वारा आणि दारूचं तापमान चालतं. ज्या पोराचं डोकं तापलेलं असतं त्याला आम्ही गोळा भरायलासुद्धा पुढे घेत नसू, तो स्वतःच्या माणसांना धोका असतो. गीतेत तिसऱ्या अध्यायात 'युध्यस्व' म्हटलंय खरं, पण त्याला लागूनच 'विगतज्वरः' म्हटलंय. ताप उतरवून लढ. आमच्या पलटणीतले पंडितजी हा एकच शब्द घेऊन तासभर बोलायचे आणि आम्ही जवान पहिल्यांदा कंटाळायचो, पुढे प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा तो शब्द कामाला आला.

७ मे ला आपल्या दलांनी सीमेपलीकडची अतिरेक्यांची नऊ ठिकाणं उडवली, ते काम ज्यांचं आहे त्यांनी केलं, करत राहतील. तुम्ही सातपूरला मशीनवर आहात, तुमचं रक्त उसळून शत्रूला काही होत नाही, तुमच्या बीपीला होतं. आणि दहशतवाद्याला तेच पाहिजे असतं ना, पन्नास-शंभर माणसं मारून कोट्यवधी माणसांची झोप उडवायची.

सातपूर_सेकंडशिफ्ट

काका नमस्कार. बोललात ते लागलं पण पटलंही. 'विगतज्वरः' चा अर्थ मी आजपर्यंत असा ऐकलाच नव्हता.

टाकेदकर

जटायूचं नाव निघालं म्हणून लिहितो, आमचं गावच त्याचं. इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद, जटायू पडला तो इथेच अशी आमच्याकडची श्रद्धा, आणि त्या मरणाऱ्या पक्ष्याला पाणी पाजायला रामाने सगळी तीर्थं इथे बोलावली म्हणून नाव सर्वतीर्थ. महाशिवरात्रीला मोठी जत्रा असते. ताई, तुमच्या मनात जटायूबद्दल काय आहे ते सविस्तर लिहाच, इथे लोक कुंडात डुबकी मारून जातात पण त्या म्हाताऱ्या पक्ष्याचा विचार फार कोणी करत नाही.

गोदाकाठची

लिहिते. माझा रोजचा रस्ता काळाराम, सीतागुंफा, मग खाली रामकुंड असा आहे, तर ही कथा मला पायाखालची वाटते.

बघा, सीताहरण म्हणजे काय होतं? वेषांतर करून आलेला माणूस, भिक्षेच्या निमित्ताने दारात उभा, घरात एकटी बाई. आजच्या भाषेत हा दहशतीचाच प्रकार, सैन्याशी लढायचं नाही, जो बेसावध आहे त्याला गाठायचं. त्या वेळी तिथे मदतीला कोण होतं? एक थकलेला गिधाड पक्षी. वाल्मीकींचा जटायू स्वतःच रावणाला सांगतो की मी म्हातारा आहे, तू तरुण आहेस, रथात आहेस, हत्यारबंद आहेस, तरी मी असताना तू तिला घेऊन सुखाने जाणार नाहीस. म्हणजे हिशेब त्याला कळत होता, आणि तरी तो आडवा गेला. पंख कापले गेले. सीता वाचली नाही त्या वेळी. पण ती कुठल्या दिशेला गेली हे रामाला कळलं ते त्याच्यामुळे.

मला ह्यात गिरगाव चौपाटीवरचे तुकाराम ओंबळे दिसतात. सहायक फौजदार, हातात लाठी, समोर एके-४७. त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगात घेतल्या आणि सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला आणि कट कुठे शिजला ते जगाला दाखवता आलं. जटायूने दिशा सांगितली तसंच हे, माझ्या दृष्टीने तरी.

आणि ह्याच्या पुढचा भाग जो मला मुलीला सांगायचा होता. जटायू गेल्यावर रामाने काय केलं? लगेच धनुष्य उचलून दक्षिणेला धावला नाही. बायको पळवलेली आहे, एकेक घटका महत्त्वाची आहे, तरी तो थांबला. लाकडं गोळा करायला लावली, चिता रचली, स्वतः अग्नी दिला, पिंड दिले, आणि मग दोघे भाऊ गोदावरीवर जाऊन त्याला पाणी देऊन आले. अरण्यकांडात गोदावरीचं नाव घेऊन सांगितलंय हे. त्याच आपल्या नदीचं पाणी! मग पुढे गेला, सेतू बांधला, रावणाला मारलंही. म्हणजे लढाई आणि तीळपाणी ह्यातलं एक निवडायचं नसतं, पण पाणी द्यायला न थांबता जो धावतो तो कशासाठी धावतोय हेच विसरतो असं मला वाटतं. आमचे हे सोळा वर्षं तेच करताहेत, त्यांना बंदूक चालवता येत नाही पण एका माणसाला 'तो कुणीच नव्हता' असं होऊ द्यायचं नाही एवढं त्यांच्या हातात आहे.

मेनरोडची_माई

अगं पण एक विचारू का, राग मानू नकोस. तो किटलीवाला जिवंत असला तर? जिवंत माणसाला तीळपाणी देणं म्हणजे अशुभच ना.

गोदाकाठची

माई, राग कसला. मीही हेच विचारलं होतं ह्यांना. म्हणाले, जिवंत असेल तर देव त्याला शंभर वर्षं ठेवो, मी दिलेलं पाणी त्या रात्री त्याच्या जागेवर जो पडला असेल त्याला पोचेल.

सिडकोवाली

मी इथे फक्त वाचत असते, आज लिहितेय. माझा धाकटा भाऊ ११ जुलै २००६ च्या लोकलमध्ये गेला. कामासाठी मुंबईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आम्ही अस्थी रामकुंडात सोडल्या, दहावा गंगेवरच केला, कावळा लवकर शिवला नाही. तेव्हा एका गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे दुर्मरण आहे, ह्याला गती नाही, नारायणबली केल्याशिवाय आत्मा भटकणार, आणि खर्चाचा आकडा सांगितला. आईने ते वाक्य धरून ठेवलं. विधी केला आम्ही, सगळा केला, तरी शेवटपर्यंत ती रात्री दार उघडं ठेवायची, म्हणायची भटकत असेल तर आत येऊ दे. ती गेली चार वर्षांपूर्वी. मला अजून त्या शब्दाचा त्रास होतो, दुर्मरण. माझ्या भावाने काय पाप केलं होतं, तो फक्त घरी चालला होता.

त्र्यंबकचा_पोर

ताई, मी त्र्यंबकला वाढलोय, घरात तीन पिढ्या हाच व्यवसाय, त्यामुळे मनापासून माफी मागून लिहितो. नारायणबली हा अपमृत्यू आलेल्यांसाठी आहे हे खरं, पण त्याचा उद्देश मागे राहिलेल्यांच्या मनावरचा दगड उतरवणं हा आहे. दगड ठेवणं नाही. माझे आजोबा सांगायचे, विधी सांगताना यजमानाच्या डोळ्यात बघून बोल, ते ओले असतील तर आधी गप्प बस. दुर्मरण म्हणजे मरणाचा प्रकार वाईट, मेलेला माणूस वाईट असा अर्थ कुठेही नाही. वर गोदाकाठची ताईंनी सांगितलं तेच बघा ना, जटायूही हत्यारानेच गेला, अचानक, जंगलात, घरचं कोणी जवळ नाही. त्याला रामाने अशी गती दिली जी मोठमोठ्या ऋषींना मिळते असं मानतात. मरण कसं आलं ह्यावर गती ठरत असती तर जटायूचं काय झालं असतं?

आणि रडण्याबद्दल. आमच्या गावात निवृत्तीनाथांची समाधी आहे. ते तर ज्ञानेश्वर माउलींचे मोठे भाऊ आणि गुरू दोन्ही, आत्मा अमर आहे वगैरे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी १२९६ ला आळंदीत माउली समाधीला बसले तेव्हा निवृत्तीनाथांना आवरलं नाही, ह्याचं वर्णन नामदेवांच्या अभंगांत आहे. मग सोपानदेव गेले, मुक्ताई तापीकाठी विजेच्या लोळात दिसेनाशी झाली, वर्षभरात सगळी धाकटी भावंडं गेली आणि हा थोरला एकटा राहिला. त्यामुळे 'आत्मा मरत नाही, रडू नका' असं जो कोणी दहाव्याला येऊन सांगतो त्याला मी म्हणतो, आधी समाधीवर जाऊन ये.

सिडकोवाली

वाचलं. दोनदा वाचलं. आईला ऐकवता आलं असतं तर.

मोसमकाठ

मी मालेगावचा, सध्या नाशिकला नोकरी. आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून आठवण करून देतो, ८ सप्टेंबर २००६ ला आमच्याकडे शुक्रवारच्या नमाजनंतर स्फोट झाले, मशीद आणि बड्या कब्रस्तानाच्या आवारात. त्या दिवशी शब-ए-बरात होती. म्हणजे ज्या रात्री ते लोक आपल्या गेलेल्यांच्या कबरीवर जाऊन दुआ मागतात, फुलं वाहतात, त्याचा दिवस. आपल्या पितृपक्षासारखंच म्हणा. गेलेल्यांना आठवायला आलेली माणसं, त्यात लहान पोरं. मग २००८ ला परत. मी तेव्हा अकरावीत होतो, माझ्या बाबांनी दुकान उघडं ठेवलं होतं आणि लोकांना बसायला सतरंजी टाकली होती, लोक दोन्हीकडचे, कोणी कोणाशी बोलत नव्हतं पण सगळे तिथेच बसून होते.

मी हे वाद घालायला लिहीत नाही, ह्यांचे किती नि त्यांचे किती हे मोजायलाही नाही. शस्त्राने मेलेल्यांचा दिवस म्हणताय तर माझ्या डोळ्यासमोर ती पोरंही येतात एवढंच. आणि पहलगामला पर्यटकांना वाचवायला गेला म्हणून मारला गेला तो घोडेवाला आदिल हुसेन शाह, तोही. तो २६ मधलाच एक. तोही आडवाच गेला ना, टाकेदच्या जटायूसारखा.

सातपूर_सेकंडशिफ्ट

मोसमकाठ, आधी वाचून थोडा चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण कब्रस्तानाचं वाचून गप्प झालो. आता एकच प्रश्न उरतो. मारणाऱ्याचं काय? त्यालाही पाणी द्यायचं का? माझ्याकडून मेलो तरी होणार नाही.

त्र्यंबकचा_पोर

रामायणात ह्याचंही उत्तर आहे, पण ते गिळायला जड आहे. रावण पडल्यावर विभीषणच त्याचे संस्कार करायला तयार होईना, तेव्हा राम त्याला म्हणाला की वैर मरणापर्यंत, ते संपलं, आता ह्याचे संस्कार कर, हा तुझा तसा माझाही. हे राम रावणाला मारल्यानंतर म्हणाला, मारायच्या आधी नाही, तो क्रम विसरू नका. आणि संस्कार घरच्यानेच करायचे, त्याला लावलं, स्वतः केले नाहीत.

तोफखाना_देवळाली

२६/११ च्या नऊ अतिरेक्यांना मुंबईत दफनाला जागा द्यायला मुस्लिम ट्रस्टने साफ नकार दिला होता, म्हणाले निरपराधांना मारणारे आमचे नव्हेत. प्रेतं जेजेच्या शवागारात वर्षभराच्या वर पडून होती, शेवटी २०१० च्या जानेवारीत सरकारने गुपचूप पुरली. मला तो नकारही धर्माचाच वाटतो आणि पुरणंही. फौजेत आम्ही शत्रूचं प्रेत उघडं टाकत नाही, त्याच्यासाठी नाही, आमच्यासाठी.

गोदाकाठची

खरं सांगते, मला अजून जमत नाही. रामाचं ते वाक्य मी दर वर्षी रामायण वाचताना वाचते आणि पान उलटते. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी इथे लिहीन.

मेनरोडची_माई

मला नातवाची काळजी लागलीये. २०२७ च्या सिंहस्थाला स्वयंसेवक म्हणून नाव देणार म्हणतो. एवढी गर्दी, कोणी काही केलं तर? आणि २००३ ची चेंगराचेंगरी मी विसरले नाही, सरदार चौकात. आमच्या आळीतून ओरडण्याचा आवाज येत होता.

तोफखाना_देवळाली

माई, द्या त्याला नाव. फक्त एक करा, त्याला प्रथमोपचाराचं शिक्षण घेऊन मग पाठवा, आणि बेवारस पिशवी दिसली तर हात न लावता पोलिसाला सांगायचं, लोकांना मागे सारायचं, पळापळ होऊ द्यायची नाही हे पक्कं शिकवा. कामा हॉस्पिटलमधल्या परिचारिका अंजली कुलथे आठवा, २६/११ च्या रात्री खाली गोळीबार चालू असताना त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका खोलीत नेऊन दिवे बंद करून वाचवलं. बंदूक नव्हती त्यांच्याकडे. ड्यूटी होती.

मेनरोडची_माई

बरं. देवाच्या भरवशावर देते.

गोदाकाठची

रविवार. काल जाऊन आलो, सांगायचं राहू नये म्हणून लिहितेय.

मुलगी शुक्रवारी रात्रीच्या बसने आली, न कळवता. सकाळी ह्यांच्या आधी उठून तीळ निवडत बसली होती. सिडकोवाली ताई आल्या होत्या, मोसमकाठ आले होते, एकमेकांना कोणी ओळखत नव्हतं, मी हातातल्या पितळी तांब्यावरून ओळखा म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी पाणी दिलं. मग सिडकोवाली ताईंनी भावाला दिलं, नाव घेताना थांबल्या, परत घेतलं, मोठ्याने. मुलीने विचारलं मी देऊ का, गुरुजी म्हणाले द्या. तिने तीनदा दिलं आणि मग हळूच विचारलं, तो घोडेवाला होता ना पहलगामचा, त्याचं कसं करायचं? गुरुजी म्हणाले, तर्पणाच्या शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या पात्यापर्यंत सगळ्यांना पाणी देतो, त्यात तो आला, त्याचे संस्कार त्याच्या माणसांनी केलेत, आपण वेगळं नाव घेऊन त्यात हात घालायला नको. ती बरं म्हणाली आणि शेवटचं पाणी देताना बराच वेळ ओंजळ सोडेना. मोसमकाठ पायरीवर पाठमोरे उभे होते.

नंतर आम्ही सगळे वर येऊन टपरीवर चहा प्यायलो. ह्यांनी चहावाल्याला नाव विचारलं.

सातपूर_सेकंडशिफ्ट

ताई, पुढच्या वर्षी सुट्टी टाकून येतो. येताना काय आणू?

गोदाकाठची

काळे तीळ आणा, पांढरे नकोत. तांब्या आहे आमच्याकडे. सातच्या आत या, नंतर पायऱ्यांवर गर्दी होते.